आधी स्वयंपाकघरात

इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम कुठल्याही हॉलमध्ये असो, ते आले की स्टेजकडे जायचे नाहीत. आधी स्वयंपाकघरात जायचे. पुऱ्या लाटणाऱ्या, काकडी चोचवणाऱ्या, आपला डाव दुसरीच्या पातेल्यात गेला म्हणून कुरकुरणाऱ्या बायकांसमोर हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "नमस्कार. आज मी बाहेर जे करणार आहे त्यात कसलीही शक्ती नाही. सिद्धी नाही, दैवी काही नाही. शिकून केलेली चलाखी आहे. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांनी हात वर करावा." ज्यांना ऐकू आलं नाही त्या हात कसा वर करणार, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. दोन-तीन पिठाचे हात गमतीने वर व्हायचे आणि ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायचे. मंडळात नवीन आलेल्या बाईला वाटायचं, या माणसाला भूक लागलीय आणि सरळ मागायला लाजतोय.

सूचना द्यायची त्यांची सवय जुनी. स्वयंपाकघरात जाऊन द्यायची मात्र माझ्या आईमुळे लागली. ते सांगायचं तर आधी त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं.

इथे परदेशात, ईस्ट टामाकी भागात, सॉस आणि चटण्या बाटलीत भरणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटी बघायचे. मी तिथेच मशिनं सांभाळणाऱ्या इंजिनिअरांत होते. दोघंही अवोन्डेलला राहणारे, म्हणून कितीतरी वर्षं आम्ही त्यांच्याच गाडीने कामावर गेलो. गाडीत रेडिओ लावायचा नाही, लेन बदलताना बोलायचं नाही, आणि पुढच्या गाडीचा ड्रायव्हर आता काय करणार ते आधी मनात ठरवायचं, असे त्यांचे नियम होते. ड्रायव्हरच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर निघायचे. "मान बघ त्याची," म्हणायचे, "हात नंतर हलतो."

कारखान्यात त्यांना सगळे टरकून असायचे. बाटलीवर 'यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो' ही ओळ नीट उमटली नसेल तर ते अख्खा लॉट अडवून धरायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, या चटणीत शेंगदाणा औषधालाही नाही."

"नसू दे."

"मग कशासाठी थांबवलंय सगळं?"

"शंभरातल्या नव्व्याण्णवांना काही होत नाही गं. एकाला होतं. तो एक कोण ते आपल्याला माहीत असतं का? म्हणून सगळ्यांच्या बाटलीवर लिहायचं."

मी लेबलाचं मशिन दुरुस्तीला घेतलं.

मनातलं ओळखण्याचे प्रयोग ही त्यांची हौस. तुम्ही मनात धरलेल्या माणसाचं नाव सांगायचे, कुठल्या मुठीत नाणं लपवलंय ते सांगायचे, तुम्ही कुठल्या गावाचा विचार करताय ते सांगायचे. गणपतीत आणि दिवाळीत त्यांचा अर्धा तास ठरलेला. मंडळी त्यांना मनकवडे म्हणत आणि ते दर वेळी चिडत. "मनकवडे नाही, कानकवडे म्हणा. डोळेकवडे म्हणा." कुणी म्हणायचं नाही, मनकवडेच चालू राहायचं. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात कांद्याची पात विकणारी टोंगा बेटांवरची एक मावशी होती, तिच्याबरोबर ते नाण्याचा खेळ खेळायचे. ओळखून झालं की न चुकता सांगायचे, "नो पॉवर, मॅम. ओन्ली लुकिंग." ती म्हणायची, "आय नो, डार्लिंग. यू लुक हीप्स," म्हणजे भरपूर बघतोस, आणि दोन काड्या जास्त टाकायची. आपल्यावर इतका कमी विश्वास ठेवणारी ती एकच बाई आहे, असं ते कौतुकाने सांगत.

कारण बाकीचे ठेवत. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते स्वच्छ सांगायचे, "मला कसलीही शक्ती नाही. मला तुमच्या मनातलं कळत नाही, घरी बायकोच्या मनातलंही कळत नाही. प्रयोगानंतर मला कुणी भविष्य विचारू नये." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि प्रयोग संपला की रांग लावून भविष्य विचारायचे. रेसिडेन्सी कधी होईल. अल्बनीचं घर घ्यावं की थांबावं. मुलगी त्या मुलाशीच लग्न करणार का. ते प्रत्येकाला सांगायचे, "इमिग्रेशनच्या साइटवर बघा," "बँकेला विचारा," "मुलीला विचारा." या भानगडीत त्यांच्या ताटातल्या पुऱ्या थंडगार होऊन चामट व्हायच्या. मंडळात गरम पुरी त्यांनी कधी खाल्ली नाही. तीच त्यांची खरी तक्रार होती.

मंडळाच्या कार्यवाहांना ती सूचना मुळीच आवडत नसे. एका गणपतीत मी स्टेजच्या बाजूला खुर्च्या लावत असताना त्यांची जुंपली.

"अहो, तुम्ही आधीच सगळं पाणी ओतता," कार्यवाह म्हणाले. "सिनेमाच्या सुरुवातीला कोणी सांगतं का, की हा हिरो खरा मरत नाही म्हणून? लोकांना कळतं सगळं. जरा मिस्टरी राहू द्या ना. एवढं एक वर्ष नका सांगू, प्लीज."

"सिनेमा सुटल्यावर लोक हिरोकडे मुलीची पत्रिका घेऊन जात नाहीत," ते म्हणाले. "माझ्याकडे येतात."

"पण तुम्ही सांगूनसुद्धा येतातच ना? मग सांगून फायदा काय?"

त्यांनी एक खुर्ची ओढून सरळ केली. मग म्हणाले, "फायदा नसू दे. लेबल लागलंच पाहिजे."

लेबल लागलं. पण आमच्याकडे एक पद्धत आहे. हॉल घेतला की त्याचं स्वयंपाकघरही घ्यायचं, आणि पानं गरम वाढायची म्हणून निम्म्या बायकांनी अर्धा कार्यक्रम आतच काढायचा. माझी आई तेव्हा देवगडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. पाहुणी म्हणून बाहेर बसणं तिच्या स्वभावात नाही. ती पदर खोचून पोळपाटाला बसली होती. सूचना बाहेर चालू होती तेव्हा ती आत पुऱ्या लाटत होती. बाहेर आली तेव्हा प्रयोग रंगात आला होता आणि ते नेमकं विचारत होते, "कोणी काकू येतील का पुढे?" कोणीतरी आईलाच ढकललं.

त्यांनी तिला जवळची, पण आता भेट होत नाही अशी कुणी मैत्रीण आठवायला सांगितलं. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कुसुम." आईने तोंडावर हात ठेवला. कुसुममावशी तिची बालमैत्रीण, जाऊन बरीच वर्षं झाली. मग ते पाठ फिरवून उभे राहिले आणि नाणं झालं. पाठीमागे हात नेऊन तिने नाणं एका मुठीत लपवलं, त्यांनी सांगितल्याप्रमाणे ती मूठ क्षणभर कपाळाला लावली, मग दोन्ही मुठी पुढे केल्या. ते म्हणाले, "उजवी." आईने मूठ उघडली. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजात आईने डोळे मिटून हात जोडले, ते मला खुर्चीवरून दिसलं. मला वाटलं, कुसुममावशीची आठवण आली असेल.

त्या दिवसापासून आई बदलली. आल्यापासून ती जराशी गप्प होती, रात्री लवकर आडवी व्हायची. आता सकाळी उठून गाणी म्हणायला लागली, माझ्या मुलीच्या मागे लागून तिला घावन शिकवायला लागली. मला बरंच वाटलं. मग तिने धोशा लावला, "त्या गृहस्थांना एकदा जेवायला बोलाव."

ते आले. सोलकढी तीनदा घेतली. जेवण झाल्यावर आईने बाजारातून मुद्दाम आणलेला नारळ त्यांच्या हातात दिला, उपरणं दिलं आणि वाकून त्यांच्या पाया पडली. ते टुणकन मागे सरकले, भिंतीवरची घड्याळाची फ्रेमच हलली.

"काकू, हे काय? तुम्ही मोठ्या माझ्यापेक्षा."

"कौल दिलात भाऊ. मान द्यायला नको?"

"कसला कौल?"

"ते बोलून दाखवायचं नसतं," आई म्हणाली आणि विडा आणायला आत गेली.

ते पुण्याचे, त्यांना कौल म्हणजे छपरावरचं, एवढंच माहीत. मी समजावलं, की आमच्याकडे देवळात गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो, मनातली गोष्ट देवापुढे मांडायची, उजवीकडची पाकळी पडली की उजवा कौल, म्हणजे होकार, आणि डावीकडची पडली की नाही. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं. त्यांच्या माझ्याआधीच आलं होतं. ते विडा न खाता निघून गेले.

सोमवारी आम्ही नेहमीसारखे त्यांच्या गाडीने निघालो. मोटरवेला लागल्यावर, लेन बदलता बदलता म्हणाले, आणि हे त्यांच्या नियमात बसणारं नव्हतं, "तुझ्या आईने मला काहीतरी विचारलंय. मी हो म्हणालोय. काय विचारलंय ते मला माहीत नाही."

"अहो, जमिनीचं असेल. चुलत्यांशी वाद चाललाय."

"जमिनीसाठी बाई अनोळखी माणसाच्या पाया पडते?"

"तुम्हाला कोकणातली माणसं ठाऊक नाहीत."

ते हसले नाहीत. "तुला आठवतं, तो एक कोण ते आपल्याला माहीत नसतं म्हणालो होतो? तो एक सापडलाय बहुतेक. तू विचार तिला."

मी विचारलं. आई म्हणाली, "तुझं काय मध्येच? सगळं छान आहे." दोन-तीनदा विचारलं, तिने दोन-तीनदा विषय बदलला.

शनिवारी सकाळी ते स्वतः आले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "काकू, मला कसलीही शक्ती नाही. मी कार्यक्रमात सांगितलं होतं, तुम्ही आत होतात. माझं उजवी म्हणणं म्हणजे कौल नव्हे."

आई समजूतदारपणे हसली. "असंच म्हणायचं असतं. आमचा गुरवही म्हणतो, मी कोण, देणारा तो."

"पण मी खरंच कुणी नाही."

"ज्याच्यापाशी असतं तो कधी म्हणतो का आहे म्हणून?"

ते जितकं नाही नाही म्हणत गेले तितकी आईची श्रद्धा घट्ट होत गेली. एक वेळ अशी आली की ती दुसरा नारळ आणायला उठेल असं मला वाटलं. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या मुलीला हाक मारली. "इकडे ये गं. आज्जीसमोर बस. काकू, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी बायकोलाही नाही. कुसुमचं नाव मला तुम्ही सांगितलंत."

"मी? कधी?"

"पुऱ्या लाटताना. मी प्रयोगाआधी नेहमी स्वयंपाकघरात जाऊन चहा घेत कोपऱ्यात उभा राहतो. चहा पिणाऱ्या पुरुषाकडे तिथे कोणी बघत नाही. तुम्ही म्हणालात, आमची कुसुम असती तर एव्हाना परात रिकामी झाली असती."

"मी नाही असं काही म्हणाले."

"म्हणालीस गं," मी म्हटलं. मी शेजारीच काकडी चोचवत होते. तोवर मीही विसरले होते. हात कामात असले की बायका काय काय बोलतात ते त्यांचं त्यांना आठवत नाही. कोपऱ्यात उभ्या माणसाला तेवढं पुरतं.

आईचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही आमचं बोलणं चोरून ऐकलंत."

"हो," ते म्हणाले.

मग नाणं. आईने डोळे मिटले, मुलीने नाण्याची मूठ कपाळाला लावून खाली आणली. "आता दोन्ही मुठी बघा काकू. वर धरलेल्या हातातलं रक्त उतरतं. तो हात जरा फिका दिसतो, शिरा दबलेल्या दिसतात. क्षणभरच. तेवढ्यात बघायचं." आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "डावी." नाणं डाव्या मुठीत होतं. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. एकदा चुकली, मग सलग बरोबर येत राहिलं. मुलगी ओरडली, "आजी, हाऊ आर यू डूइंग दॅट?"

आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "मला जमतंय," ती म्हणाली, "म्हणजे यात देव नाही."

मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला, खोटं कशाला सांगू. महिनाभर गाणी म्हणणारी माझी आई पाच मिनिटांत आल्या दिवसासारखी दिसायला लागली होती. ती हळूच म्हणाली, "मग आता मी कोणाला विचारू?"

"जे विचारायचं ते लेकीला सांगा," ते म्हणाले. "मी बाहेर लिंबाचं झाड बघतो." आणि मुलीला घेऊन मागच्या अंगणात गेले. आमच्या लिंबाच्या झाडात बघण्यासारखं काही नाही.

आईने सांगितलं. छातीत गाठ लागली होती. देवगडलाच लागली होती. तिकीट काढून झालेलं, नातीला भेटायचं राहील म्हणून ती कुणाला बोलली नाही. इथे आल्यावर मला त्रास नको म्हणून बोलली नाही. आणि त्या संध्याकाळी, मूठ कपाळाला लावली तेव्हा, मनात म्हणाली होती, साधीच असेल तर उजवी सांग. उजवी आली. मग डॉक्टर कशाला?

सोमवारीच तिला डॉक्टरकडे नेलं. तपासण्या झाल्या, सुई घालून नमुना काढला, आणि थांबायचे दिवस आले. ते दिवस मी कसे काढले ते मला आजही नीट आठवत नाही. गाडीत ते काही विचारायचे नाहीत. फक्त कारखान्यात लेबलांच्या बाबतीत इतके कडक झाले की पॅकिंगच्या लोकांनी माझ्याकडे गाऱ्हाणं आणलं.

फोन आला तेव्हा आम्ही कारखान्याच्या पार्किंगमध्ये, नुकतेच गाडीत बसलो होतो. डॉक्टर म्हणाल्या, गाठ पाण्याची आहे, साधी आहे, काळजीचं काही नाही, ऑल गुड. मी फोन मांडीवर ठेवला आणि मोठ्याने रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांना सांगितलं तर त्यांनी वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

"आता हे काकूंना कळलं की पहिलं काय म्हणतील, सांगू?" वायपर बंद करत ते म्हणाले.

"मनातलं ओळखताय का?"

"नाही गं. भीती वाटतेय."

घरी जाऊन मी आईला मिठी मारली आणि सांगितलं. तिने देवाला दिवा लावला, डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे कौल उजवाच होता."

त्यांनी आयुष्यात खरोखर कुणाच्या मनातलं ओळखलं असेल तर एवढं एकदाच. दाराशी उभे होते, तिथेच पायरीवर बसले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणाले, "माझं चुकतंय कुठे, माहितेय? मी लेबल हॉलमध्ये लावतो आणि माणसं स्वयंपाकघरात असतात. बाटलीच्या आतून लेबल चिकटवल्यासारखं झालं ते. दिवाळीपासून आधी आत जाऊन सांगणार."

दिवाळीच्या कार्यक्रमाला ते लवकर आले. इस्त्रीचा सदरा, हातात काही नाही. मी त्यांच्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि आम्ही दोघंही थबकलो. आत आई पोळपाटाशी बसली होती आणि लाटता लाटता बोलत होती. "तर त्या गृहस्थांपाशी काही शक्ती-बिक्ती नाही. भले आहेत, पण शक्ती नाही. नाण्याचं मलासुद्धा येतं, जेवणं झाल्यावर दाखवीन. मी वेड्यासारखी त्यांच्या उजवीवर बसून राहिले होते. माझी गाठ साधी आहे हे सुईने सांगितलं, त्यांनी नव्हे. त्या दिवशी पायरीवर त्यांचं तोंड बघितलं नि मला कळलं, खरा कौल देणारा असा घाबरत नाही. तुमच्यापैकी कोणी काही अंगावर काढत असेल तर सोमवारी जाऊन दाखवा." दोन-तीन बायकांनी लाटणं थांबवून तिच्याकडे बघितलं. एकीने नजर खाली घातली, आणि आईने तिच्या हातावर पिठाचा हात ठेवला.

मग तिला ते दारात दिसले. "या भाऊ. मी सांगितलंय सगळ्यांना. चहा तिकडे ठेवलाय, घेऊन बाहेर जा. इथे उभं राहून आमचं बोलणं ऐकायचं नाही."

ते कप घेऊन बाहेर आले. त्या दिवशीचा प्रयोग असा आपटला की मंडळाच्या इतिहासात तसा कुणाचा आपटला नसेल. एक नाव आलं नाही, एक गाव आलं नाही. नाण्याच्या वेळी तर समोरच्या बाईने मूठ कपाळाला लावायला नकार दिला आणि सगळा हॉल हसला. कार्यवाहांनी डोक्याला हात लावला. ते स्टेजवर हात जोडून उभे राहिले आणि आनंदाने फुललेल्या चेहऱ्याने म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

प्रयोगानंतर त्यांना कुणीही काही विचारलं नाही. रेसिडेन्सीचं नाही, घराचं नाही, मुलीचं नाही. रांग स्वयंपाकघराच्या दाराशी लागली होती, आईकडून नाण्याचं शिकायला. ते एकटेच ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी कढईतून नुकतीच निघालेली, टम्म फुगलेली पुरी नेऊन त्यांच्या ताटात टाकली. त्यांनी बोटाने ती फोडली, आतली वाफ चष्म्यावर आली, आणि चष्मा न पुसता ते ती खात राहिले.